तळ्याकांठची पर्णशाला

भाद्रपद सरला, आकाशांतील ढगांची गर्दी ओसरली आणि तळ्यांचें पाणी निवळूं लागलें, कीं शहरांत राहणाऱ्या सुशिक्षित मनुष्यास एक ठराविक विकार जडतो. गांवाबाहेर, पाण्याच्या कांठीं, आपलें एखादें लहानसें घर असावें असें त्याला वाटूं लागतें. हा विकार अलीकडे फार वाढला आहे. पानशेत, मुळशी, पवना या जलाशयांकडे हिंडावयास गेलेली तरुण मंडळी परत येतांना जागेचे नकाशेहि बरोबर घेऊन येतात. आमच्याच घरांत या विषयावर गेले कांहीं दिवस खल चालू आहे, आणि त्यांत आमच्या पुतण्यानें एक मोठें नांव पुढें केलें आहे. तें नांव हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकन ग्रंथकाराचें. "काका, थोरोनेंहि तळ्याकांठीं झोपडी बांधलीच होती कीं!" असें तो म्हणतो. मथितार्थ असा कीं, एवढा विचारी पुरुष घरच्या गलबल्याला कंटाळून तळ्याकांठीं गेला, एकांतांत राहिला आणि सुखी झाला. मग आपण तसें केल्यास बिघडलें कोठें?

वाचकहो, मोठें नांव घ्यावयाचें तर तें नीट वाचूनच घ्यावें, असा आमचा मास्तरकीच्या दिवसांपासूनचा हट्ट आहे. म्हणून या महिन्यांत ती झोपडीच आपणांपुढें उघडून दाखवावी असें आम्ही योजिलें आहे. ती कशी बांधली, किती खर्चांत बांधली, तिच्यांत शरदृतु कसा गेला, आणि मुख्य म्हणजे ती कशासाठीं बांधली. या शेवटल्या प्रश्नाचें उत्तर भरल्या घरांत वाढलेल्या माणसाला जितकें लौकर उमगेल तितकें तें इतरांस उमगत नाहीं, असा आमचा समज आहे.

अमेरिकेच्या ईशान्येकडील मॅसॅच्युसेट्स राज्यांत काँकर्ड म्हणून एक जुनें गांव आहे. त्याच्या दक्षिणेस दीड मैलावर वॉल्डन नांवाचें तळें आहे. अर्धा मैल लांब, पावणेदोन मैल घेराचें. पाणी इतकें नितळ कीं पंचवीस-तीस फुटांवरचा तळ दिसावा. या तळ्याला थांगच नाहीं अशी गांवांत समजूत होती. थोरोनें १८४६ सालच्या आरंभीं, तळें गोठलेलें असतांना, दोरीला दगड बांधून खोली मोजली. ती १०२ फूट भरली. अथांग म्हटलेल्या गोष्टीला दोरी लावून पाहणारा हा मनुष्य होता, एवढें ध्यानांत ठेवावें.

तळ्याकांठची जमीन त्याची नव्हती. ती त्याचा स्नेही, प्रसिद्ध ग्रंथकार इमर्सन याची. (आमच्या राज्यांत १९४८ च्या कूळकायद्यामुळें जो शेतकरी नाहीं त्यास परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं, आमच्या पुतण्याच्या बेताला पहिली ठेंच तेथेंच लागली आहे.) कुऱ्हाडहि त्याची नव्हती, ती त्यानें उसनी आणिली. १८४५ च्या मार्चअखेर त्यानें पाइनचीं झाडें तोडून तुळया व खांब तासण्यास सुरुवात केली. रेल्वेच्या कामावरील एका आयरिश मजुराची जुनी खोपटी सव्वाचार डॉलरांस विकत घेऊन ती मोडली, फळ्या हातगाडीनें तळ्याकांठीं नेल्या आणि उन्हांत पसरून सरळ होऊं दिल्या. तो गाडी घेऊन गेला असतां शेजारच्या एका इसमानें उपयोगी पडण्यासारखे खिळे खिशांत घातले. बांधकामावरचे खिळे नाहींसे होणें ही गोष्ट सर्व देशांत सारखीच घडते, असें दिसतें. मेच्या आरंभीं मित्रांच्या हातभारानें सांगाडा उभा राहिला, आणि ४ जुलै १८४५ रोजीं थोरो तेथें राहावयास गेला. घर रुंदीला १० फूट, लांबीला १५ फूट. दोन बाजूंस दोन खिडक्या, एका टोकाला दार, खालीं बटाटे ठेवण्यास एक तळघर, वर लहानसा माळा. भिंतींना गिलावा नव्हता आणि धुराडेंहि नव्हतें. फटींतून वारा खुशाल येई-जाई.

हिशेबाचा कागद मात्र मुद्दाम पाहण्यासारखा आहे. फळ्या ८ डॉलर ३½ सेंट. छपराच्या व बाजूंच्या लाकडी चिपा, त्याहि टाकाऊ, ४ डॉलर. गिलाव्याखालच्या पट्ट्या सव्वा डॉलर. कांचांसह दोन जुन्या खिडक्या २ डॉलर ४३ सेंट. जुन्या विटा एक हजार, ४ डॉलर. चुन्याचीं दोन पिंपें २ डॉलर ४० सेंट; येथें भाव जास्त पडला अशी नोंद आहे. चुन्यांत मिसळावयाचे केस ३१ सेंट. हे गरजेहून अधिक झाले अशीहि नोंद आहे. धुराड्याच्या तोंडावरची लोखंडी पट्टी १५, खिळे ३ डॉलर ९०, बिजागऱ्या व स्क्रू १४, कडी १०, खडू १ सेंट. वाहतूक १ डॉलर ४० सेंट, कारण पुष्कळसें सामान त्यानें पाठीवरूनच नेलें. एकंदर २८ डॉलर १२½ सेंट. तो हार्वर्ड येथें शिकला होता. तेथील विद्यार्थ्याला एका खोलीचें वर्षाचें भाडें ३० डॉलर पडत असे. म्हणजे वर्षाच्या भाड्याहून कमी पैशांत जन्माचें घर झालें. आम्हीं हा कागद घरांत मोठ्यानें वाचून दाखविला तेव्हां आमच्या वहिनींनीं एकच प्रश्न केला. "आणि याचीं धुणीं कोण धूत असे?"

प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याचें उत्तर थोरोनेंच देऊन ठेविलें आहे. खडूचा एक सेंट न विसरणाऱ्या या गृहस्थानें आपल्या खाण्यापिण्याचा व कपड्यांचा खर्च मांडतांना लिहिलें आहे कीं, धुणें आणि शिवणटिपण हें बहुतेक बाहेर होई व त्याचें बिल अद्याप आलेलें नाहीं! तें बिल कोणाच्या घरून यावयाचें होतें तें सांगणें नको. त्याचें कुटुंब गांवांतच होतें. वडिलांचा शिसपेन्सिली करण्याचा कारखाना होता. आई घरांत खाणावळीची माणसें ठेवी. दोन बहिणी होत्या, आणि अविवाहित आत्या व मावशी यांचाहि त्या घरांत वावर असे. थोरो दर एक-दोन दिवसांनीं गांवांत जाई, आणि घरचीं व बाहेरचीं माणसें त्याच्याकडे येत. रेल्वेचा रस्ता तर तळ्याला लागूनच गेलेला. तेव्हां घोर अरण्य, निर्मनुष्य एकांत, सर्वसंगपरित्याग वगैरे जें चित्र आमच्या तरुणांच्या डोळ्यांपुढें असतें तें त्यांनीं पुसून टाकावें.

आतां शरदाकडे वळूं. तिकडचा शरद सप्टेंबरांत सुरू होऊन नोव्हेंबरांत संपतो. म्हणजे मासांनीं तो आमच्या आश्विन-कार्तिकाशीं बराच जुळतो, स्वभावानें मात्र निराळा. आमच्याकडे हा पाण्याचा ऋतु. दिवसा सूर्यानें तापलेलें, रात्रीं चंद्रानें निवविलेलें आणि अगस्तीच्या उदयानें निर्विष झालेलें जें या दिवसांतील पाणी, त्याला आमच्या वैद्यकांत 'हंसोदक' असें सुंदर नांव आहे. दुपारचें ऊन मात्र पित्त खवळविणारें. तें अंगावर घेऊं नये असें तेंच शास्त्र सांगतें. तिकडे उलट. तेथें थंडी दाराशीं आलेली असते, उन्हाला माणूस आसुसलेला असतो, आणि ऋतूची सारी शोभा पानांत उतरते. दिवस लहान व रात्री गार होऊं लागल्या म्हणजे पानांतील हिरवें द्रव्य विरूं लागतें, मग मुळांतच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेपल नांवाच्या वृक्षाचा तांबडा रंग तर त्याच दिवसांत पानांत नव्यानें तयार होतो. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेच्या सुमारासच तळ्याच्या पलीकडे दोन-तीन मेपल तांबडे झालेले थोरोनें पाहिले. पुढें त्यानें शरदाच्या रंगांवर एक स्वतंत्र निबंधच लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १८६२ च्या ऑक्टोबरांत छापून निघाला.

या ऋतूंत तो काय करी? रानांत चेस्टनट गोळा करी; हिवाळ्याला अर्धी पाटी जमली तरी पुरे. जमिनींतला एक जुना कंद त्याला खणतांना सांपडला, जो तेथील मूळचे रहिवासी खात असत. कुरणांतील क्रॅनबेरीचीं तांबडीं फळें तो नुसतीं पाही, तोडीत नसे. तीं शेतकरी दांताळ्यानें ओरबाडून बोस्टन-न्यूयॉर्कच्या बाजाराला नेत, त्याचें त्याला वाईट वाटे. ऑक्टोबरांत गांधीलमाशा हजारोंनीं झोपडींत येऊन खिडक्यांच्या आंत व भिंतींवर बसत. त्यांना त्यानें हांकललें नाहीं. थंडी वाढल्यावर त्या आपण होऊन नाहींशा झाल्या. लून नांवाचा एक मोठा पाणबुडा पक्षी याच दिवसांत तळ्यावर येई. थोरो होडी घेऊन त्याच्या मागें लागे. पक्षी येथें बुडी मारी आणि भलत्याच ठिकाणीं वर निघून मोठ्यानें ओरडे, तें ओरडणें हंसण्यासारखें असे. दुपारभर हा खेळ चाले, आणि त्यांत जिंके तो पक्षीच. नोव्हेंबरांत शेकोटी पेटविण्यापूर्वीं तो तळ्याच्या ईशान्य कांठावर जाऊन बसे, कारण पाइनच्या राईवरून व दगडी किनाऱ्यावरून परतलेलें ऊन तेथें एकवटे. सूर्याची शेकोटी फुकट आहे तोंवर लांकडें कां जाळावीं, हा हिशेब त्यांतहि होताच.

परंतु त्या शरदांतलें खरें काम म्हणजे धुराडें. शेतांतली खुरपणी आटोपल्यावर त्यानें तें हातीं घेतलें. विटा जुन्या होत्या. प्रत्येकीवरचा वाळलेला चुना थापीनें खरवडून काढावा लागला. विटांमधल्या फटींत तळ्याकांठचे दगड बसविले, चुन्यांत तळ्याकांठचीच पांढरी वाळू कालविली. काम इतकें सावकाश चाले कीं सकाळीं जमिनीपासून आरंभ करावा तों रात्रीं जेमतेम उशीएवढा थर उठलेला असे. मध्यंतरीं एक कविमित्र पंधरवडाभर राहावयास आला. जागा इतकी अपुरी कीं त्याला जमिनीवर निजावें लागलें. मग कडाक्याची थंडी पडतां पडतां भिंतींना गिलावा केला, त्यासाठीं आणखी पांढरी वाळू पलीकडच्या कांठावरून होडींतून आणिली. १८४५ सालीं तळें २२ डिसेंबरच्या रात्रीं पूर्ण गोठलें. तेव्हां घरांत विस्तव पेटलेला होता. घर बांधून देणारा कंत्राटदार आणि घरांत राहणारा मालक हे दोघे वेगळे झाले म्हणजे काय हरवतें तें या धुराड्यावरून कळतें. आमच्या लहानपणीं कोंकणांतल्या घरीं दिवाळीपूर्वीं पावसानें उखणलेलें अंगण चोपून सारवीत, तेव्हां लहानथोर सगळे त्यांत असत. अंगण कोणाचें हें तेव्हां कोणी विचारीत नसे.

थोरोच्या ग्रंथांतील सगळाच उपदेश आम्हांस मान्य आहे असें नाहीं. शेजारच्या एका गरीब आयरिश कुटुंबाला चहा-कॉफी, लोणी व मांस सोडून सुखी होण्याचा त्यानें जो उपदेश केला, तो ज्याला बायकोमुलें नाहींत त्यानेंच करावा असा आहे. गृहस्थाश्रमाची त्याला अटकळ नव्हती. परंतु याच पुरुषानें त्या झोपडींत भगवद्गीता वाचली, विल्किन्सनें १७८५ सालीं केलेल्या इंग्रजी भाषांतरांतून. आणि येथूनच गांवांत गेला असतां कर न भरल्याबद्दल १८४६ च्या जुलैंत एक रात्र तुरुंगांत काढली, ज्यावरून लिहिलेला निबंध पुढें गांधीजींनीं वाचला. हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. फारसें ठाऊक नसतें तें पुढचें.

हेन्रीला जॉन नांवाचा वडील भाऊ होता. हेन्री हार्वर्डहून शिकून आल्यावर गांवच्या सार्वजनिक शाळेंत मास्तर झाला. पण मुलांना छडी मारण्याच्या प्रश्नावरून अवघ्या कांहीं दिवसांत ती नोकरी त्यानें सोडली. (आम्ही सबंध आयुष्य त्याच धंद्यांत घालविलें, म्हणून या गोष्टीपाशीं आम्ही थोडे थांबतों.) मग १८३८ पासून दोघां भावांनीं मिळून स्वतःची शाळा चालविली. मुलांना घेऊन ते रानांत हिंडत, नदीवर नेत. १८३९ च्या वसंतांत दोघांनीं एका आठवड्यांत आपल्या हातांनीं एक होडी बांधली. खालीं हिरवा रंग दिला, वर निळा कांठ काढला. ३१ ऑगस्टला आपल्या मळ्यांतले बटाटे व कलिंगडें तींत भरून ते निघाले. काँकर्ड नदींतून मेरिमॅक नदींत, तेथून वर उत्तरेस, पुढें पायीं व गाडीनें डोंगरांत, आणि त्याच मार्गानें १३ सप्टेंबरला परत. परतीच्या शेवटल्या रात्रीं ते निजले असतां वारा फिरला, आणि सकाळीं उठून पाहतात तों हवेंतच ऋतु पालटल्याची खूण. शरद लागला होता.

जॉनची प्रकृति बिघडल्यामुळें १८४१ सालीं शाळा बंद करावी लागली. १८४२ च्या पहिल्याच दिवशीं वस्तऱ्याला धार लावतांना जॉनचें बोट कापलें. जखम लहानशी, पण तिच्यांतून धनुर्वात झाला. ११ जानेवारीस तो गेला, हेन्रीच्या हातांवर. त्यानंतर थोड्याच दिवसांत हेन्रीलाहि तींच लक्षणें होऊं लागलीं. जबडा आखडला, अंग ताठलें, आणि अंगावर जखम तर कोठेंच नाहीं. वैद्यांस त्याचा अर्थ लागेना. तो वांचला, परंतु रोज दैनंदिनी लिहिणाऱ्या त्या माणसाच्या वहींत कित्येक आठवडे अक्षर उमटलें नाहीं. त्याच वर्षीं ती होडी त्यानें सात डॉलरांस विकून टाकिली. घेणारा हॉथॉर्न हा कथाकार.

यानंतर तीन वर्षांनीं त्यानें उसनी कुऱ्हाड हातीं घेतली. त्याला एक ग्रंथ लिहावयाचा होता, आणि तो भावाबरोबर केलेल्या त्या पंधरा दिवसांच्या प्रवासाचा. भरल्या घरांत, पेन्सिलींच्या धुरळ्यांत आणि खाणावळीच्या गडबडींत तो लिहून होईना. झोपडी बांधण्याचें पहिलें कारण हें. ६ सप्टेंबर १८४७ रोजीं तो झोपडी सोडून निघाला तेव्हां त्या ग्रंथाचा कच्चा खर्डा झालेला होता. ज्या घरापासून तो पळाला असें म्हणतात, त्या घरांतल्या माणसासाठींच तो दीड मैल दूर जाऊन बसला होता. पुस्तकांत भावाचें नांव कोठेंहि नाहीं. नुसतें 'आम्ही' आहे.

आमच्याकडे शरदाच्या तोंडाशीं पितृपक्ष येतो, तो पाण्याच्या कांठीं उभें राहून घालविण्याचा. आणि पर्णशाला म्हटली कीं आम्हांला नाशिकची पंचवटी आठवते. अरण्यकांडांत राम लक्ष्मणाला पाण्याजवळची जागा पाहावयास सांगतो. लक्ष्मण माती लिंपून भिंती उभारतो, खांब रोवतो, वेळू आडवे घालतो, शमीच्या फांद्या पसरतो, दर्भ, काश, शर यांनीं छप्पर शाकारतो. मग गोदावरींत स्नान करून कमळें घेऊन येतो, शांति करतो आणि भावाला घर दाखवितो. त्या वेळीं राम त्याला मिठी मारून जें बोलतो, त्यांत घराच्या सौंदर्याचा विषय नाहीं. तूं असतांना आमचे वडील मला गेलेले नाहींत, असा त्याचा भाव आहे. त्याच कुटींत त्यांचा शरद सरतो व हेमंत लागतो. तेथें भाऊ भावासाठीं बांधतो आणि दोघे राहतात. काँकर्डच्या तळ्याकांठीं एकच भाऊ होता, एवढाच काय तो भेद.

झोपडीचें पुढें काय झालें तेंहि सांगतों. ती इमर्सनकडून दुसऱ्याकडे गेली, १८४९ सालीं उचलून एका शेतावर नेली, आणि १८६८ सालीं मोडली. छप्पर डुकरांच्या खुराड्यावर चढलें. मूळ जागा कोणती याविषयीं घोळ झाला. १९४५ सालीं, बरोबर शंभर वर्षांनीं, रोलंड रॉबिन्स नांवाच्या गृहस्थानें खणून ती शोधून काढिली. सांपडला तो त्या शरदांत रचलेल्या धुराड्याचा पाया.

आणि पुस्तक? तें १८४९ सालीं निघालें. हजार प्रती छापिल्या, छपाईचा बोजा ग्रंथकारावर. त्याला तें कर्ज फेडावयास चार वर्षें लागलीं. खपल्या त्या दोनशेंच्या थोड्या वर. १८५३ च्या ऑक्टोबरांत प्रकाशकानें उरलेल्या ७०६ प्रती गाडींत घालून परत पाठविल्या. थोरोनें त्या स्वतःच्या पाठीवरून दोन जिने चढवून आपल्या खोलींत नेल्या आणि भिंतीशीं रचून ठेविल्या. ढीग त्याच्या डोक्याच्या निम्म्यापर्यंत आला. आतां आपल्या संग्रहीं सुमारें नऊशें ग्रंथ आहेत आणि त्यांतले सातशेंहून अधिक आपणच लिहिलेले आहेत, असें त्यानें वहींत टिपलें. त्याच संध्याकाळीं तो पुन्हा लिहावयास बसला.